सीआयएसएसपीची तयारी: पुस्तक कोणते, प्रश्नसंच कोणता, आणि २०२१ ची आवृत्ती चालेल का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वयाने लहान आहे, एकेरीत बोललात तरी चालेल.

पुण्यात एका कंपनीच्या एसओसीत, म्हणजे सायबर हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात आहे. अलर्ट बघायचे, खरे-खोटे ठरवायचे, तिकीट वर ढकलायचे, आणि रात्री तीनला कुणाला तरी झोपेतून उठवून त्याच्या शिव्या खायच्या. पाच वर्षांहून जास्त झाली. आता टीम लीडची जागा निघतेय. साहेबांनी सरळ सांगितलंय, सीआयएसएसपी, ती माहिती-सुरक्षेची परीक्षा, केलीस तर तुझं नाव पुढे पाठवतो.

अभ्यास करायची तयारी आहे, पण साहित्य बघूनच डोकं गरगरतंय. माझ्याकडे आत्ता असलेला पसारा असा: सीनिअरने दिलेलं ऑफिशियल स्टडी गाइड, पण २०२१ ची नववी आवृत्ती. टेलिग्रामवरून उतरवलेल्या ढीगभर पीडीएफ, त्यातल्या बऱ्याच उघडूनही बघितल्या नाहीत. यूट्यूबची एक प्लेलिस्ट. एका क्लासचं शनिवार-रविवार बॅचचं कोटेशन, आकडा इथे लिहीत नाही, बायकोलाही अजून सांगितलेला नाही. आणि परवा व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, 'रिअल एक्झाम क्वेश्चन्स, पास गॅरंटी'.

माझे प्रश्न: जुनी आवृत्ती चालेल का? क्लास लावावा का? प्रश्नसंच विकत घ्यायचा तर कसा ओळखायचा? आणि शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजी वाचतो, रोज मेल लिहितो, पण हजार पानांचं इंग्रजी पुस्तक सलग वाचायचं म्हटलं की दहाव्या पानाला डोळे मिटतात. त्याला काही इलाज?

---

मिरजवाली

एकेरीत बोलायला सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर माझं उत्तर आणखी लांबलं असतं.

मी बँकांचं आयएस ऑडिट, म्हणजे संगणक यंत्रणेची तपासणी करते, जास्त करून सांगली-कोल्हापूरकडच्या सहकारी बँका. सीआयएसएसपी करून काही वर्षं झाली. त्यानंतर आमच्याकडच्या मुलांना तयारी करताना बघितलंय, त्यावरून सांगते.

आज काही म्हणजे काही विकत घेऊ नकोस. ही परीक्षा घेणाऱ्या आयएससी-टू या संस्थेच्या साइटवर परीक्षेची आउटलाइन फुकट मिळते. १५ एप्रिल २०२४ पासून लागू असलेली घे आणि कागदावर छापून घे. आठ डोमेन, म्हणजे विषयगट आहेत, प्रत्येकाखाली उपमुद्दे आहेत. प्रत्येक उपमुद्द्यापुढे पेन्सिलने खूण कर: रोज हातातून जातं, नुसतं ऐकलंय, की पाटी कोरी आहे. तुझा कागद कसा दिसेल ते इथे बसून सांगते. सातवं डोमेन, सिक्युरिटी ऑपरेशन्स, जवळपास भरलेलं. चौथं, नेटवर्क, बऱ्यापैकी. आणि पहिलं, रिस्क मॅनेजमेंटचं, जवळजवळ कोरं. नेमका त्यालाच १६ टक्के भार आहे, आठांत सगळ्यात जास्त. तेव्हा जे पुस्तक नेटवर्क छान समजावतं ते तुझ्या काय कामाचं? तुला हवंय कोऱ्या जागा भरणारं. ऑडिटवाल्याला उलटं लागतं. म्हणून 'बेस्ट बुक कोणतं' या प्रश्नाला इथे दहा जण दहा उत्तरं देतील आणि दहाही आपापल्या जागी खरी असतील.

आता पुस्तक पारखायचं कसं. ऑनलाइन दुकानांत नमुन्याची पानं बघायला मिळतात, नाहीतर कुणाकडून तासभर मागून आण. तुला न येणारा एकच विषय घे आणि तो प्रत्येक पुस्तकात वाच. मी मुलांना बेल-लापाडुला आणि बिबा ही कुणी काय वाचावं-लिहावं ते ठरवणारी दोन मॉडेल घ्यायला सांगते, कारण तिथे पुस्तकाचा कस लागतो. सुमार पुस्तक म्हणतं: बेल-लापाडुलात वरचं वाचायचं नाही, खाली लिहायचं नाही, बिबात उलट. झालं, पुढचा मुद्दा. हे पाठ होतं आणि परीक्षेच्या खुर्चीत बसल्यावर उलटंपालटं होतं. चांगलं पुस्तक आधी विचारतं, कशाचं रक्षण करायचंय? बेल-लापाडुला गुपित सांभाळतो, म्हणून खालच्याने वरचं वाचू नये आणि वरच्याने गुपित खाली सांडू नये. बिबाला गुपिताचं पडलेलं नाही, त्याला आकडा शुद्ध हवा. कच्च्या वहीतला आकडा पक्क्या खातेवहीत सरळ चढवायचा नाही, एवढंच बिबाचं म्हणणं. वरच्याने खालचं वाचायचं नाही ते यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावा लागत नाही, तिथल्या तिथे काढता येतो. आणि त्याच धड्यात क्लार्क-विल्सन येतो. तो तर बँकेतल्या कुठल्याही क्लार्कला न शिकता येतो, कारण तो मेकर-चेकरच आहे: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची, आणि खात्याला थेट हात कुणी लावायचा नाही, जे काय करायचं ते ठरलेल्या प्रोग्रॅममधूनच.

ही दोन-तीन पानं ज्या पुस्तकात तुला एका वाचनात कळली ते तुझं पुस्तक. मग ते ऑफिशियल असो नाहीतर नसो. तुझ्या इंग्रजीच्या प्रश्नाचंही निम्मं उत्तर यातच आहे. दहाव्या पानाला डोळे मिटतात त्याला दरवेळी भाषाच कारण असते असं नाही, बऱ्याचदा पुस्तकच रटाळ असतं. उरलेलं निम्मं असं की सलग वाचूच नकोस. ऑफिशियल गाइडमध्ये २१ प्रकरणं आहेत. प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न आधी सोडव, जिथे अडखळलास तेवढाच भाग वाच. सातव्या डोमेनची प्रकरणं तर नुसती चाळ.

जुनी आवृत्ती: चालेल, डोळे उघडे ठेवून. २०२१ ची आणि २०२४ ची आउटलाइन शेजारी ठेवून बघ. भारात फरक इतकाच की पहिलं डोमेन १५ चं १६ झालं आणि आठवं, सॉफ्टवेअर सुरक्षेचं, ११ चं १०. गाभा तोच आहे. पण परीक्षेचं स्वरूप मध्ये बदलून परत पूर्वीसारखं झालंय, नेटवरच्या जुन्या माहितीने गोंधळू नकोस. जून २०२२ पासून काही काळ १२५ ते १७५ प्रश्न आणि चार तास होते, आता परत १०० ते १५० प्रश्न आणि तीन तास. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकाची जुन्या पुस्तकातली रचना ११४ कंट्रोलची, म्हणजे सुरक्षा उपायांची, २०२२ च्या मानकात ती ९३ आहेत. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचं सायबरसिक्युरिटी फ्रेमवर्क २.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, त्यात 'गव्हर्न' हे सहावं फंक्शन वाढलं. क्वांटम संगणकांना तोंड देणारी एन्क्रिप्शनची निस्टची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ ची. ही ठिगळं वेगळ्या वहीत लिहून घे, फुकटात काम होईल. आउटलाइन साधारण तीन वर्षांनी बदलते, २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशी बदलत आली आहे. त्यामुळे परीक्षा रेंगाळवणार असशील तर मात्र नवीन पुस्तक घ्यायची घाई नको, बदलाची घोषणा बघून घे.

प्रश्नसंचाचं उद्या लिहिते, इथे लाइट गेली आहे.

---

कोरमंगला

ताईंचं सगळं मान्य, पण पुस्तकावर इतका भर मला पटत नाही. मी बंगळुरात क्लाउडवर काम करतो, पास झालो, आणि पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कधीच वाचलं नाही. पीट झर्गरचं एक्झाम क्रॅम यूट्यूबवर फुकट आहे. डेस्टिनेशन सर्टिफिकेशनवाल्यांचे माइंड मॅपचे व्हिडिओही फुकट, एकेक विषय छोट्या व्हिडिओत उरकतात. बसमध्ये येता-जाता ऐकायचे, जे डोक्यावरून गेलं तेवढंच रात्री पुस्तकात शोधायचं. रात्रपाळी करणाऱ्याला हेच झेपेल. शिफ्ट संपवून आलेला माणूस सकाळी आठला क्रिप्टोग्राफी वाचणार, हे कागदावर छान दिसतं.

---

मिरजवाली

कोरमंगला, व्हिडिओला माझी ना नाही. पण एक बघ, तू आधीच क्लाउडवाला होतास. ऐकताना मान डोलते ती आधी माहीत असलेल्याला. कोऱ्या पाटीचा माणूस ऐकून 'कळलं' म्हणतो आणि प्रश्न समोर आला की चार पर्यायांतले तीन बरोबर वाटतात. त्याने भरलेल्या डोमेनचे व्हिडिओ ऐकावेत आणि कोऱ्या डोमेनला पुस्तक घेऊन बसावं. शिफ्टचं म्हणशील तर खरं आहे, त्यात मी काय बोलणार.

आता प्रश्नसंच. माझं ठाम मत आहे की पैसे खर्च करायचे तर इथे करावेत. पुस्तक मागून आणता येतं.

संच किती प्रश्नांचा आहे ते बघू नकोस. जाहिरातीत हजार, दोन हजार असे आकडे असतात. बघायचं ते उत्तराखालचं स्पष्टीकरण. एक प्रश्न मीच रचून दाखवते.

तुमच्या कंपनीने एक छोटी कंपनी विकत घेतली. त्यांचं नेटवर्क आपल्याला जोडा असं व्यवस्थापन म्हणतंय. सुरक्षेचे प्रमुख म्हणून सर्वात आधी काय कराल? अ) दोन्हींच्या मध्ये फायरवॉल बसवू. ब) त्यांच्या सर्व्हरची पेनिट्रेशन टेस्ट (कच्चे दुवे शोधायला मुद्दाम केलेला हल्ला) करू. क) जोडणीने येणाऱ्या जोखमीचं मूल्यमापन करू. ड) त्यांच्या लोकांना आपलं सुरक्षा प्रशिक्षण देऊ.

उत्तर क. आता सुमार संचात खाली लिहिलेलं असतं: 'क बरोबर आहे, कारण जोखमीचं मूल्यमापन महत्त्वाचं असतं.' यातून काय कळलं? काही नाही. चांगला संच उरलेल्या तिघांचा हिशेब देतो. अ हा कंट्रोल आहे. जोखीम काय ते ठरण्याआधी कंट्रोल निवडला तर तो अंदाजपंचे. ब हा क चाच पुढचा एक भाग, आणि तोही लेखी परवानगी घेतल्यावर. ड चांगलं काम आहे, पण जोडायचं की नाही या निर्णयावर त्याने फरक पडत नाही. असे चाळीस प्रश्न सोडवणं आणि नुसतं बरोबर-चूक दाखवणारे चारशे सोडवणं, यात मी चाळीस घेईन. कोणत्याही संचाचे फुकट नमुना प्रश्न मिळतात. दहा सोडव, आणि चुकलेल्यांपेक्षा बरोबर आलेल्यांची स्पष्टीकरणं आधी वाच. बरोबर आलेल्या उत्तराखालीही तुला नवीन काही सापडलं तर संच घे.

अजून एक मंत्र तुला सगळीकडे ऐकू येईल, 'मॅनेजरसारखा विचार कर'. वरच्या प्रश्नात तो लागू पडतो. पण लोकांनी त्याचा पार चोथा केलाय. प्रश्नात रॅन्समवेअर आत्ता, या क्षणी पसरतंय असं असेल तर आधी ती मशीन नेटवर्कवरून तोडायची, पॉलिसीची उजळणी करत बसायचं नाही. सर्व्हर रूमला आग लागली असेल तर आधी माणसं बाहेर, मग डेटा. ज्या संचात प्रत्येक वेळी सगळ्यात 'साहेबी' वाटणारा पर्याय बरोबर निघतो, तो संच रचणाऱ्याला परीक्षा कळलेली नाही असं खुशाल समज.

आणि सराव करताना मागे जायचं बटण वापरू नकोस. खऱ्या परीक्षेत उत्तर दिलं की ते गेलं, परत बघता येत नाही. १०० प्रश्न झाल्यावर ती कधीही थांबते, फार तर १५० पर्यंत जाते. त्यातले २५ गुणांत धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे असतात, आणि ते कोणते हे कळायला मार्ग नाही. तीन तासांना १५० ने भाग, एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. शिवाय प्रश्न तुझ्या पातळीप्रमाणे बदलत जातात, त्यामुळे चांगलं चाललेलं असतानाही प्रत्येक प्रश्न अवघडच वाटतो. बाहेर पडणारे बरेच जण सांगतात की आपण नापास झालो अशीच खात्री होती. पुढे-मागे उड्या मारू देणाऱ्या ॲपवर तेच प्रश्न तिसऱ्यांदा सोडवून आलेले ८५ टक्के बघून हुरळू नकोस. त्यात ज्ञान किती आणि पाठांतर किती ते कुणी सांगू शकत नाही.

---

शॉर्टकट

एवढं सगळं करायची गरज आहे का पण? माझ्या ओळखीतला एक जण डम्पवर, म्हणजे फुटलेल्या खऱ्या प्रश्नांच्या संचावर निघाला. शेवटी कंपनीला सर्टिफिकेट दिसतं, तुम्ही रात्र-रात्र जागलात का ते दिसत नाही.

---

मिरजवाली

निघाला असेलही. पण हिशेब मांडून बघ. परीक्षेची फी ७४९ डॉलर, रुपयांत साठ हजारांच्या वरच. सुरू होण्याआधी पडद्यावर गोपनीयतेचा करार येतो, तो स्वीकारल्याशिवाय पहिला प्रश्न दिसत नाही. तो मोडल्याचं पुढे कधी उघडकीला आलं तर निकाल रद्द होऊ शकतो, प्रमाणपत्र जाऊ शकतं. आणि प्रश्न मोठ्या साठ्यातून, माणसागणिक वेगळे निघतात, तेव्हा विकत घेतलेला डम्प समोर येईल याची खात्री कसली? त्यातली उत्तरं कुणी लिहिली हेही माहीत नाही. आमच्याकडच्या एका मुलाला कुणीतरी असाच कागद पाठवला होता. त्यात बिबा आणि बेल-लापाडुलाची अदलाबदल झाली होती.

पास झालं की प्रमाणपत्र हातात पडतं असंही नाही. अनुभवाचं एंडोर्समेंट, म्हणजे खातरजमा, करून घ्यावं लागतं, त्याला नऊ महिने मिळतात, आणि आयएससी-टू त्यातली काही प्रकरणं ऑडिटला काढते. अट पाच वर्षांची आहे, आठांपैकी किमान दोन डोमेनमधली. संगणकातली पदवी किंवा त्यांच्या यादीतलं दुसरं प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष सूट, दोन्ही असली तरी एकच वर्ष. रात्रपाळी, तुझं सातवं डोमेन तर आहेच. दुसरं कोणतं दाखवायचं ते आत्ताच ठरव आणि तशी कामं साहेबांकडून लेखी मागून घे.

हो, आणि टेलिग्रामच्या पीडीएफ. आयएससी-टूच्या नीतिनियमांची चार कलमं परीक्षेत विचारतात, त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी समाज, मग आपलं प्रामाणिक वागणं, मग ज्याच्यासाठी काम करतो तो, शेवटी व्यवसाय. ती कलमं चोरलेल्या पीडीएफमधून पाठ करणारे लोक मी पाहिलेत. काढून टाक तो ढीग. तसाही उघडत नाहीस.

---

रात्रपाळी

ढीग काढला. आउटलाइन छापून खुणा केल्या. ताईंनी सांगितलं तस्संच निघालं: सातवं भरलेलं, चौथं बरं, पहिलं आणि आठवं पांढरंशुभ्र. तिसऱ्यातही, आर्किटेक्चरच्या, भोकं आहेत.

पुस्तकाची परीक्षा घेतली. नवव्या आवृत्तीतलं बिबा दोनदा वाचून कळलं, म्हणून तेच चालू ठेवतो. पण पहिल्या डोमेनमधलं रिस्कचं गणित वाचलं, सूत्रं लक्षात राहतात, पण त्यांचं करायचं काय ते कळत नाही. एसएलई, एआरओ, एएलई. उदाहरणं सगळी चक्रीवादळाची आणि डॉलरची. आणि क्लासचं काय, ते राहिलंच.

---

मिरजवाली

चक्रीवादळ सोड, आमच्याकडचा पूर घे.

समज, सांगलीत कृष्णेकाठी सखल भागात एका बँकेची शाखा आहे. तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममधला ऐवज २० लाखांचा. पाणी शिरलं तर ४० टक्के वाया जाईल असा अंदाज. एकदा पूर आला की नुकसान २० लाखांचे ४० टक्के, म्हणजे ८ लाख. हा झाला एसएलई. दहा वर्षांत एकदा पाणी येतं असं धरलं तर एआरओ ०.१, आणि वर्षाचं अपेक्षित नुकसान, म्हणजे एएलई, ८० हजार. आता सगळं सामान वरच्या मजल्यावर हलवायचं म्हटलं तर भाडं, केबल, एसी मिळून वर्षाला एक लाख वीस हजार पडतात. ८० हजार वाचवायला एक लाख वीस हजार? पुस्तक म्हणेल, परवडत नाही. जोखीम स्वीकारा नाहीतर विमा काढा.

पण ०.१ आला कुठून? मोठे पूर आले २००५ ला, २०१९ ला आणि २०२१ ला. २००५ ते २०२१ ही १७ वर्षं धरली तर तीन पूर, एआरओ ०.१८ च्या जवळ जातो. ८ लाख गुणिले तीन भागिले १७, एएलई एक लाख एक्केचाळीस हजार. आता तोच खर्च परवडतो. सूत्र तेच, शाखा तीच, फक्त किती वर्षं मागे बघायचं ते बदललं. परीक्षेत एआरओचा आकडा तुला दिलेलाच असेल, तिथे फाटे फोडत बसू नकोस, गुणाकार कर आणि पुढे हो. पण गणित डोक्यात राहायला हवं असेल तर आपल्या ओळखीचा आकडा घालून एकदा कर. तुझ्याकडे पूर नसेल तर तुमच्या फ्लोअरवरचा बंद पडणारा यूपीएस घे.

कोऱ्या डोमेनसाठी मी अजून एक करायला लावते: आपल्याकडची एखादी जाहीर झालेली घटना घेऊन ती आउटलाइनवर पसरायची. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. हल्लेखोरांनी बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) उभा केला, त्यामुळे एटीएममधून पैसे काढण्याच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत, तो बनावट स्विचच त्यांना मंजुरी देत राहिला. एसओसीवाला म्हणून तू लगेच म्हणशील, अलर्ट का वाजला नाही, म्हणजे सातवं डोमेन. पण मंजुरी खरी की खोटी हे पलीकडच्या टोकाला तपासलं जात होतं का, हा तिसऱ्यातला प्रश्न. स्विचचं नेटवर्क बाकीच्यांपासून वेगळं होतं का, चौथ्यातला. एवढ्या मोठ्या रकमेची जोखीम कुणाच्या सहीने स्वीकारलेली असते, पहिल्यातला. एका घटनेतून चार डोमेनची उजळणी होते आणि झोपही येत नाही.

एक इशारा मात्र. आपल्याकडचे आकडे परीक्षेत नेऊ नकोस. तुझ्या बोटांना घटना कळवायचे सर्ट-इनचे, म्हणजे सरकारी सायबर यंत्रणेचे, सहा तास सवयीचे आहेत, एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून. परीक्षेत बहुधा युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा समोर येईल, तिथे नियामकाला कळवायची मुदत ७२ तासांची आहे.

क्लास: कंपनी पैसे देणार असेल तर जा, शनिवार-रविवार कुणीतरी जबरदस्तीने बसवतं एवढा फायदा नक्की आहे. स्वतःच्या खिशातून देणार असशील तर आधी त्या शिकवणाऱ्याशी दहा मिनिटं बोल आणि एवढंच विचार, 'क्लार्क-विल्सन कुठे वापरतात ते सांगा.' नुसती व्याख्या आली तर पैसे ठेव, त्यात चांगला प्रश्नसंच येईल आणि बायकोला सांगण्याइतपत उरतील. एका क्लासची फाइल माझ्या हातात आली होती, सगळ्या स्लाइड्स फुकट मिळणाऱ्या माइंड मॅपवरून उतरवलेल्या.

---

बीएससी_तिसरं_वर्ष

मध्येच विचारतो, माफ करा. मी साताऱ्यात बीएससी आयटीला आहे, अनुभव शून्य. सरळ सीआयएसएसपीच केली तर? पास झाल्यावर असोसिएट म्हणून राहता येतं असं वाचलं.

---

कोरमंगला

राहता येतं. असोसिएट म्हणून सहा वर्षं मिळतात, तेवढ्यात पाच वर्षांचा अनुभव जमवायचा. पण पहिल्या नोकरीसाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला? मुलाखत घेणारा तुला पोर्ट नंबर आणि लॉग विचारणार, रिस्क ॲपेटाइट नाही. कॉम्प्टियाची सिक्युरिटी प्लस बघ, सध्याचा कोड एसवाय०-७०१. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, १०० ते ९०० च्या मापावर ७५० ला पास, आणि काही प्रश्नांत प्रत्यक्ष काहीतरी जुळवून दाखवायचं असतं. प्रोफेसर मेसरचे व्हिडिओ फुकट आणि पूर्ण आहेत, दुसरं काही शोधू नकोस. साहित्य घेताना कोड तपास. ६०१ ची पुस्तकं अजून रद्दीच्या भावात विकतात, ती परीक्षा जुलै २०२४ मध्येच बंद झाली.

---

कोथरूडकर

रात्रपाळी, माझ्याकडे दहावी आवृत्ती आहे, २०२४ ची. पास झालो, आता कपाटात पडून आहे. निम्म्या किमतीत देतो, कोथरूडला येऊन घेऊन जा. प्रकरणांच्या शेवटच्या प्रश्नांवर पेन्सिलीने खुणा आहेत, खोडून देईन.

---

रात्रपाळी

घेऊ का ताई? नववी चालू ठेवायची म्हटलं होतं, पण निम्म्या किमतीत मोह होतोय.

---

मिरजवाली

घे, पण किंमत नुसत्या कागदाची दे. त्या पुस्तकाबरोबर ऑनलाइन प्रश्नसंच येतो, त्याची मुदत नोंदणी केल्यापासून एक वर्ष. कोथरूडकरांनी नोंदणी करून अभ्यास केलाय, म्हणजे तो भाग तू संपलेलाच धर. निम्म्याच्याही खाली या, कोथरूडकर, पोराला परीक्षेची फी भरायची आहे. आणि नवीन प्रत घ्यायची वेळ आलीच तर पुस्तक घरी आल्या दिवशी उत्साहात नोंदणी करू नकोस. आधी वाचून हो, सरावाला बसशील त्या आठवड्यात कर.

खुणा मात्र तो न्यायला यायच्या आत खोडून टाका हो. दुसऱ्याने गोल केलेलं उत्तर दिसलं की डोकं आपलं चालायचं थांबतं.

---

कोथरूडकर

मान्य. खोडरबर घेऊन बसलोय. रविवारी या, चहा आमच्याकडून, आणि किंमत ताई म्हणतील ती.